तांबड्या पाण्याचा वैशाख

वैशाख लागला की आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांना दोन दिवस धुराचा वास येतो. शेण, सुका पाला आणि अर्धवट वाळलेल्या टहाळ्या एकत्र जळल्याचा वास. चौथ्या मजल्यावरून खाली पाहिलं की बदलापूरच्या सोनिवलीच्या अंगाला, दोन इमारतींच्या मधे चुकून राहून गेलेल्या शेताच्या कोपऱ्यात राब धुमसताना दिसतो. भाताचं रोप जिथे टाकायचं तेवढा तुकडा आधी पालापाचोळ्यानं भाजून घ्यायचा, त्याला राब म्हणतात. आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांना तो पेटवलेला कचरा वाटतो. मग ग्रुपवर फोटो येऊ लागतात. कुणाला खोकला, कुणाच्या पांढऱ्या पडद्यांना काजळी, कुणाचा कुत्रा सकाळपासून शिंकतोय.

परवा सेक्रेटरीबाई स्वतः वर आल्या. "आजी, नगरपालिकेला पत्र द्यायचंय, यंदा हा धूर होऊच देऊ नका म्हणून. आमचं मराठी तुम्हाला माहितीच आहे. तुम्ही मस्त लिहून द्या ना. फक्त एका पानात बसवा. मोठं कोणी वाचत नाही."

एका पानात बसवा. हे मला याआधी एकदा सांगितलं गेलं होतं, आणि ते मी इतक्या हुशारीनं पाळलं की एका बाईचं वर्षाचं भात गेलं.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. ती मुलगी आज मला भेटली, तर तिच्या दोन वेण्यांपैकी आधी कुठली ओढावी एवढाच प्रश्न पडेल. कुंदा नाव. वक्तृत्वात पहिली, निबंधात पहिली, स्वयंपाकात शेवटची. 'ष' असा म्हणायची की समोरच्याला वाटावं, हिच्या तोंडात शेंगदाणा अडकलाय. वडील मळीच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. आम्ही बदलापूरच्या कडेला, कंपनी आणि शेतं यांच्या मधल्या चार खोल्यांच्या चाळीत राहायचो. एका खिडकीतून भात दिसायचं, दुसरीतून धुराडं. मी कायम दुसरीत बसायचे.

आज माझा नातू मला सांगतो, आजी, आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, उसापासून करतात, एकदम नवीन. मी म्हणते, हो का रे. त्याचा पणजोबा त्या नवीन गोष्टीच्या पिंपांच्या याद्या करत म्हातारा झाला. घाटावरच्या साखर कारखान्यांत साखर काढून झाली की जी काळी चिकट मळी उरते, ती रेल्वेच्या टाक्यांतून आमच्याकडे उतरायची. मोठाल्या हौदांत ती आंबवायची, मग उंच तांब्याच्या मनोऱ्यात उकळायची. वर निघे ते स्पिरिट, पेट्रोलमध्ये मिसळायला. खाली उरे ते तांबडं, कढत, आंबूस पाणी, आणि ते कुणालाच नको असे. बाहेर सरकारची दारूबंदी आणि आत रात्रंदिवस भट्टी, म्हणून फाटकावर एक दारूबंदीचा इन्स्पेक्टर बसवलेला. कुणी पिऊ नये म्हणून स्पिरिटमध्ये काहीतरी जहाल कालवत. मोटारींनी ते प्यायलं तर मात्र देशसेवा.

ही देशसेवा हे कुंदाचं आवडतं प्रकरण. शाळेत तिनं त्यावर भाषण केलं होतं. आपला ऊस, आपली मळी, आपलं इंधन, परदेशी तेलाला रामराम. टाळ्या पडल्या. मॅनेजरसाहेबांची मोटार तेच मिश्रण पिऊन अंबरनाथच्या चढावर ठसकत थांबायची आणि उन्हात उभ्या साहेबांना शिपाई छत्री धरायचा, हे त्या भाषणात नव्हतं.

कंपनीची वाढ मी वासानं मोजली आहे. पहिल्या वर्षी वास फाटकापर्यंत असायचा. दुसऱ्या वर्षी तो ओढा ओलांडून आला. तिसऱ्या वर्षी चाळीच्या ओट्यावर येऊन पाय पसरून बसला आणि परत गेलाच नाही. आंबलेल्या गुळाचा, कुजक्या काकवीचा वास. आईच्या लुगड्यांना, अंथरुणांना, लोणच्याच्या बरणीच्या फडक्यालाही. वडील म्हणायचे, "हा प्रगतीचा वास आहे." आई म्हणायची, "प्रगतीला आंघोळ घाला म्हणावं एकदा." ओढ्यातले मासे पोटं वर करून तरंगू लागले, तेव्हा वडिलांना बढती मिळाली. दोन्ही बातम्या घरात एकाच दिवशी आल्या. चर्चा बढतीचीच झाली.

आम्हाला दूध घालायची ती येसूकाकी. काळीसावळी, लुगड्याचा काचा घट्ट, चालणं असं की मागे राहिलेल्यानं धावावं. नवरा अंबरनाथला कारखान्यात, पोरं लहान, शेत सगळं हिच्या अंगावर. कंपनीच्या भिंतीला लागून तिचा राबाचा तुकडा होता. दर वैशाखात धूर आमच्या घरात भरायचा, आई दारात उभी राहून कटकट करायची, आणि काकी तिथूनच ओरडायची, "दोन दीस धुमसंल, बाय. तंवर खिडकी लावून घे."

राब लावणं म्हणजे काडी ओढून टाकणं नव्हे. आधी शेणाचा थर, त्यावर पाला, त्यावर टहाळ्या, वर गवत, आणि सगळ्याच्या अंगावर बारीक मातीचं पांघरूण. मग काकी चिमूटभर माती हवेत सोडायची. ती कुठं जाते ते बघायची. नाही पटलं तर घरी परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमूट. वारा मनासारखा झाला की वारा जिकडे जातो त्या टोकाकडून विस्तव लावायचा, म्हणजे भडकत नाही, धुमसत पुढे सरकतो. मी लहान असताना तिच्याबरोबर मातीच्या चिमटी सोडल्या आहेत. सोळाव्या वर्षी मला ते अडाणीपणाचं वाटू लागलं होतं. हुशार माणसाला काय काय वाटू लागतं.

त्या वर्षी कंपनीची भिंत सरकली. दोन नव्या टाक्या आल्या, त्यांच्यासाठी जागा हवी होती, आणि एका सकाळी भिंत काकीच्या राबापासून दहा पावलांवर येऊन उभी राहिली. आत स्पिरिट, बाहेर विस्तव. हे जमणार नव्हतं हे साहेबांना कळत होतं, म्हणून त्यांनी विस्तव बंद केला. भिंत आधी आली की राब, हे विचारायची पद्धत नव्हती. भाजणी बंद, त्याच्या बदल्यात कंपनी खत देणार, फुकट. खत म्हणजे ते तांबडं पाणी. ओढ्यात सोडलं तर खालचे गावकरी बोंब मारत होते. ते आता शेतात जिरणार होतं, आणि वर उपकारही.

इंग्रजीतला कागद वडील घरी घेऊन आले. साहेबांचा निरोप होता, तुमच्या कुंदाला याचं सोपं मराठी करू द्या, गावात वाचूनही तिलाच दाखवू द्या, लोकांचा विश्वास बसेल. फक्त एका पानात बसवा.

कुंदा तीन दिवस जमिनीला टेकली नाही. बोरू तासला, शाई गाळली. कागद सरळ होता. या पाण्यात खताचे गुण आहेत, जमिनीवर टाकावं, राब भाजू नये. आणि अगदी खाली, बारीक टाइपात, शेवटची ओळ: हे पाणी दहापट साध्या पाण्यात मिसळूनच वापरावं, आणि त्या जमिनीत एक पावसाळा काही पेरू नये.

मराठी पान भरत आलं होतं. खाली दोन ओळींची जागा उरली होती. तिथे एक तर ही ओळ बसत होती, किंवा कुंदानं स्वतः रचलेलं वाक्य: "मळीला मळ म्हणू नका, ती मातीची माय आहे." ते वाक्य तिला रात्री अंथरुणात सुचलं होतं. ते तिनं उशीला तीनदा म्हणून दाखवलं होतं.

वाक्य बसलं. ओळ राहिली.

मी स्वतःची खूप दिवस समजूत घालत असे, की वैशाखात दहापट पाणी गाव आणणार कुठून, विहिरी तळाला गेलेल्या, ओळ लिहून उपयोग काय होता. पण हे मला नंतर सुचलं. त्या दिवशी फक्त एवढंच होतं, की माझं वाक्य छान होतं.

चिंचेखाली वाचन झालं. साहेब खुर्चीत, वडील मागे उभे, गाव जमिनीवर. कुंदानं इस्त्रीचं परकर-पोलकं घातलं होतं. मातीच्या मायेपाशी ती थांबली, टाळ्यांसाठी. कुणी वाजवल्या नाहीत. येसूकाकीनं विचारलं, "कुंदाबाय, मंग भाजायचं कायच नाय?"

"नाही काकी. हेच खत."

"आन टाकायचं किती?"

आता बघा. आख्ख्या गावात एकटीनं बरोबर प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर घरी पाटाखाली, इंग्रजीत, पडलेलं होतं. साहेब घड्याळ बघत होते.

"जितकं जास्त तितकं चांगलं," कुंदा म्हणाली.

"कागदात तसं लिवलंय?"

"हो."

ते पाणी पिंपांत भरून आणायचा तो टेकचंदकाका. उल्हासनगरच्या कॅम्पात, मिलिटरीच्या जुन्या बराकीत राहणारा सिंधी, स्वतःची एक खडखडणारी लॉरी. शेताच्या बांधावर पिंप कलंडलं की तांबडं पाणी वाफाळत पसरायचं, माशांचा थवा उठायचा, आणि तो नाकाला रुमाल लावून बघत राहायचा. एक दिवस त्यानं मला हाक मारली. "अदी, इधर आ." अदी म्हणजे ताई, तो सगळ्यांनाच म्हणायचा. "ये कोरा मत डलवाओ. पानी मिलाओ इसमें. हमारे सिंध में ऐसी ज़मीन को कल्लर बोलते हैं. ऊपर सफेद नमक आता है, फिर घास भी नहीं होती."

कुंदा काय म्हणाली असेल? "काका, कागदात सगळं लिहिलंय. तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

तो हसला. राग आला नाही त्याला, तेच वाईट झालं. "कागज़ तो मेरे पास भी है, अदी. मेरी ज़मीन का कागज़, पेटी में रखा है. ज़मीन उधर रह गई."

मी घरी येऊन आईला सांगितलं, तो लॉरीवाला आगाऊ आहे.

तो वैशाख मला रंगानं आठवतो. दर वर्षी राख असते, करडी, मऊ, पाऊल बुडेल अशी. त्या वर्षी काकीचा तुकडा काकवी सांडल्यासारखा चकाकत होता. चौदा-पंधरा पिंपं जिरली असतील. ऊन तापलं की वर पापुद्रा धरायचा, त्याला भेगा पडायच्या, भेगांच्या कडा पांढुरक्या. काकी त्यावर उकिडवी बसून बोटानं पापुद्रा उचलायची, वास घ्यायची आणि पुन्हा ठेवायची. चिमूट सोडायचं कारण उरलं नव्हतं. आमच्या घरात त्या वर्षी धूर आला नाही. आई खूश होती.

पाऊस वेळेवर आला. काकीनं घरातलं निवडून ठेवलेलं बी पेरलं, त्या वर्षासाठीचं सगळं. भिंतीपासून लांब ज्यांनी चोरून राब भाजला होता, त्यांची रोपं आठ दिवसांत पोपटासारखी वर आली. काकीच्या तुकड्यात कुठे कुठे पिवळी टोकं दिसली. मग ती तपकिरी झाली. मग जमीन तशीच्या तशी, जणू तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

एका सकाळी ती दूध घेऊन आली नाही. सूप घेऊन आली. सुपात त्या तुकड्यातली माती होती, ओली, तांबूस, वर मिठासारखं पांढरं, आणि त्यात कुजलेले दाणे. सूप तिनं ओट्यावर माझ्यासमोर ठेवलं.

"वाच," ती म्हणाली.

वडील बाहेर आले. "काय झालं येसूबाई?"

"तुमची पोर लय ब्येस वाचती. मला वाचता येत नाय. यात काय लिवलंय त्येवढं सांगा म्हनावं तिला."

मी सुपाकडे बघत उभी राहिले. वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी. वडिलांनी आत जाऊन इंग्रजी कागद काढला, उजेडात धरला, खालपर्यंत वाचला. मग घडी केली, खिशात ठेवली, वर बटण लावलं. "निसर्गापुढे कुणाचं काय चालतं, येसूबाई," ते म्हणाले. फार सभ्य माणूस होता माझा बाप. ते बटण मला अजून दिसतं.

काकीनं सूप उचललं नाही. तसंच ठेवून गेली. आईनं ते चार दिवस तिथेच राहू दिलं. मला ओलांडून जावं लागावं म्हणून, असं मला वाटतं. ओटा झाडताना ती सुपाभोवतीनं झाडायची.

आमच्याकडे रोप कुणी विकत नसे. आपली लावणी आटोपली की उरलेलं आवण, म्हणजे रोपांच्या जुड्या, ज्याला कमी पडलं त्याला द्यायच्या. काकी त्या पावसात डोंगराच्या पायथ्यापर्यंत, भावाच्या गावी, आणखी कुठल्या कुठल्या बांधांवर फिरली. पण उरलंसुरलं मिळायला आधी सगळ्यांचं आटपावं लागतं, आणि तोवर आवण जून होतं. तिनं डोक्यावरून आणलेल्या जुड्यांत शेताचा तिसरा हिस्सा लागला. बाकीच्यात पाणी साठून आभाळ दिसायचं. लोकांना ते सुंदर वाटलं असतं. मी परत धुराड्याच्या खिडकीत जाऊन बसले.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब तो तुकडा बघायला आले. "इथे काही येत नाही असं ऐकलं," ते म्हणाले, खऱ्या काळजीनं. जमीन कंपनीनं घेतली. जिथे रोप उगवेना तिथे टाकी उगवली, भली गोल, रुपेरी रंगाची, आणि काकी कंपनीत पिंपं धुवायच्या कामाला लागली. तिच्या अंगाला धुराऐवजी मळीचा वास येऊ लागला. कंपनी अशी वाढते. कुणी वाईट बोलत नाही, कुणी हात उगारत नाही, आणि भिंत दर वर्षी दहा पावलं पुढे येते.

त्या टाकीच्या उद्घाटनाला स्वागताचं भाषण कुणी केलं? ओळखलंत. तिनंच. 'ष' तितकाच चोख. साहेबांनी बक्षीस म्हणून फाउंटन पेन दिलं. पिंपं धुणाऱ्या बायका मागे रांगेत उभ्या होत्या. त्यांतल्या एकीकडे मी पाहिलं नाही, आणि त्या एकीनं माझ्यावरून नजर हलवली नाही.

लग्न होऊन मी अंबरनाथला गेले. सहाएक वर्षांनी पूर्वेच्या बाजारात ती मला भाजीच्या पाटीपुढे भेटली. हातांची कातडी स्पिरिटनं पांढरी पडलेली. मी तिथेच, मेथीच्या जुड्यांच्या मधे, सगळं बोलून टाकलं. शेवटची ओळ, माझं वाक्य, 'हो'. तिनं ऐकलं, मेथी उलटीपालटी केली.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "हो म्हंताना तुजा आवाज बारीक झाला व्हता."

"मग टाकलंत कशाला?"

"तुज्यावर इस्वास नव्हता गो. कागदावर व्हता." आणि भाजीवालीला म्हणाली, "ही जून हाय, दुसरी दे."

काकी गेली त्यालाही आता किती वर्षं झाली. कंपनी तिच्या आधीच गेली, टाक्या भंगारात गेल्या. फाउंटन पेन मी फेकलं नाही. फेकलं असतं तर मी चांगली आहे असं मला वाटलं असतं. ते पोळपाटाच्या खणात असतं, निब वाकडं, शाई धरत नाही.

खालच्या शेतातला तो माणूस कोण, मला माहीत नाही. मुद्दामच विचारलेलं नाही. काकीचा नातूबितू निघाला तर मला रडू येईल, आणि नाही निघाला तर मी निर्धास्त होईन, आणि दोन्हीची लाज वाटते. पण काल दुपारी मी त्याला गॅलरीतून बघत होते. त्यानं चिमूटभर माती वर सोडली, बघितली, आणि घरी निघून गेला. आज परत आला, परत सोडली, आणि विस्तव लावला.

सेक्रेटरीबाई संध्याकाळी पत्र घ्यायला आल्या. बॉलपेननं लिहिलेलं, एका पानात बसलेलं, अक्षर अजून बरं आहे. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. "आजी, हे नगरपालिकेला नाहीये. हे आपल्यालाच आहे. त्या शेतवाल्याकडून?"

"त्याला कोण लिहून देणार? मी दिलं."

"अहो पण यात तर म्हटलंय की इमारत नंतर आली."

"नंतरच आली."

त्यांनी पान उलटलं, मागे काही आहे का बघितलं. नव्हतं. पुढचं सगळं पुढेच होतं, आणि या वेळी मी माझं एकही छान वाक्य त्यात घातलं नव्हतं, म्हणून शेवटच्या ओळीला पुरेशी जागा उरली होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली.

"राब दोन दिवस धुमसतो. तोवर खिडकी लावून घ्यावी."